वाढत्या अंगाचा कोट

शाळेचा पांढरा कोट शिवायला टाकला तेव्हा
शिंपिणीला म्हटलं होतं, वाढत्या अंगाचा शिव.
तीन वर्षं झाली. नेलिदाच्या बाह्या
अजून बोटांवर येतात.

मातीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत.
धाकट्या एदगारच्या शिडीसारख्या वर वर गेलेल्या,
तिच्या दोन एकमेकींवर बसलेल्या,
एकच रेघ कुणी पुन्हा गिरवावी तशा.

शेजारच्या साबिनाची पोर वयात आली.
हिच्याच महिन्यातली, लामांमागे हिच्याच सोबत जाते.
विहिरीवर बायका विचारतात, तुझी कधी गं?
जसे काही मी बटाटे उशिरा लावलेत.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिची पापणी खाली ओढून पाहिली,
बोटाला सुई टोचली, तक्त्यात काही लिहिलं.
म्हणाली, आजार नाही. घरात काय शिजतं?
मी म्हटलं, किन्वा तर आमच्याच शेतात पिकतो.
पिकतो खरा.
पोत्यांत बसून छल्लापाताच्या बाजारी जातो
आणि परतीच्या गाडीत
नूडल्सची पाकिटं येतात.
हे मी तिला सांगितलं नाही.
कोंबड्या आहेत, एवढं सांगितलं.

अंडी दर गुरुवारी सेवेरोचा ट्रक नेतो.
तीस खळग्यांचा पुठ्ठा,
तीसही भरले तर पुरता भाव.

मागल्या महिन्यात एकोणतीस भरले.
मी कोल्ह्याला शिव्या दिल्या, एदगारला दोन धपाटे.
संध्याकाळी खुराड्यामागची राख सारताना
टरफल सापडलं.
टोकाला एकच बारीक भोक, आतून पुसून घेतलेलं.
इतक्या निगुतीने या घरात
एकच जण काम करतं.

ती चुलीशी बसून लोकर कातत होती.
मान वर केली नाही. मीही विचारलं नाही.
मला माझ्या आईचं खुराडं आठवलं,
तोंडातली ती कच्ची, कोमट चव,
आणि नंतर पाठीवर पडलेला दोर.

आता सेवेरो मोजतो, म्हणतो,
मावशी, पुन्हा चार कमी.
मी म्हणते, थंडी फार आहे, कोंबड्या रुसल्यात.
तो भाव पाडतो. पाडू दे.

खुराड्यामागे, दगडाखाली,
मी चिमूटभर मीठ ठेवते कागदात बांधून.
दुसऱ्या सकाळी तिथे नुसता कागद असतो,
घडी घातलेला.