पडत्या पंखाखाली

पहिल्या रविवारी मला एवढंच कळलं
की इथे कुणी नुसतं ‘वारा’ म्हणत नाही.

डोंगराच्या कडेवर पाच म्हातारे, एक पोरगा,
गळ्यात पट्ट्याने अडकवलेले रेडिओ,
माना वर, तोंडं अर्धी उघडी.
खाली ऱ्होंडाच्या दरीत
एकमेकांना चिकटून उभ्या घरांची रांग.
त्यातल्याच एका घरातून मी आले होते,
थर्मॉसमध्ये चहा
आणि मागच्या सीटवर फोमचं जुनं ग्लायडर घेऊन.
इंजिन नसलेलं. तेवढं मला माहीत होतं.

‘लिफ्ट आहे का?’ कुणीतरी विचारलं.
मला दवाखान्यातली आठवली, कायम बंद असणारी.
‘डावीकडे नुसतं सिंक.’
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी,
सिंक काय असतं ते मला सांगू नका.
पण हे सिंक हवेत होतं,
आणि त्यात गेथिनचं तीन मीटरचं विमान
खरकट्या ताटासारखं बुडत चाललं होतं.

मग ओरडा झाला, ‘क्रो! क्रो लाव!’
मी आभाळभर कावळा शोधला.
कावळा कुठला? पंखांच्याच पट्ट्या त्या,
आतल्या खाली, बाहेरच्या वर,
हवेत टाचा रोवणाऱ्या.
विमान गवतात येऊन बसलं,
पाळी संपवून आलेल्या माणसासारखं.

मी वही काढली.
रोटर: डोंगराच्या पाठीमागची पिसाळलेली हवा. तिकडे फिरकायचं नाही.
बॅलास्ट: वारा वाढला की विमानाच्या पोटात शिशाच्या कांड्या.
जड झाल्यावर ते जास्त चांगलं कसं उडेल, हे मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘उडतं.’
डम थम्ब्स: चूक वाऱ्याची नव्हती, बॅटरीची नव्हती,
तुझ्या अंगठ्यांची होती.

एल्वेड तेवढा कमी बोलतो.
सतराव्या वर्षी तो या डोंगराच्या आत होता,
आम्ही उभे होतो त्याच गवताखाली, फार खोल.
तिथेही हवेला नावं होती, म्हणाला.
एक पेटणारी, एक गुदमरवणारी,
एक स्फोटानंतर मागे राहणारी.
दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढली
की तिचं नाव कळायचं.
‘तिथे नाव चुकलं तर
विमान मोडत नसे,’
एवढं बोलून त्याने नाक शिंकरलं
आणि माझा चहा प्यायला.

माझं ‘मेडन’ तिसऱ्या रविवारी.
मेडन म्हणजे कुमारिका, आणि पहिलं उड्डाणही;
एकसष्टाव्या वर्षी हा शब्द माझ्या वाट्याला आला
म्हणून गेथिन खोकला येईपर्यंत हसला.
एल्वेडने दोन बोटांवर पंख तोलून पाहिले,
नाकात चिमूटभर शिसं कोंबलं
आणि फेकलं.

ते गेलं. खरंच गेलं. वर गेलं.
माझे हात रेडिओवर होते आणि ते वर जात होतं.
मग ते वळून माझ्याच तोंडावर येऊ लागलं
आणि डावं ते उजवं झालं,
उजवं कुठे गेलं कुणास ठाऊक.
‘विचार करू नकोस,’ एल्वेड कानाशी,
‘जो पंख पडतोय ना, त्याच्याखाली स्टिक ने.
टेकू दे. बस.’

मी टेकू दिला. पंख उचलला गेला.

पुढच्या वळणावर मी फार हळू झाले,
एक टोक खांदा पडावा तसं पडलं.
त्याला टिप स्टॉल म्हणतात,
हे मला ते पडत असतानाच सांगण्यात आलं.
पिवळ्या काटेरी झुडपात अडकलं;
एक मेंढी बघून पुन्हा चरायला लागली.

रात्री मोरवेनचा फोन आला. कसं झालं?
‘लिफ्ट छान होती,’ मी म्हटलं,
‘शेवटी टिप स्टॉल. डम थम्ब्स, दुसरं काय.’
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग माझी बहीण म्हणाली,
‘तू जेवलीस ना?’

भांडी सिंकमध्ये होती.
खिडकीबाहेर शेजारच्या धुराड्यातला धूर
वर न जाता आडवा, डोंगराकडे वळलेला.
नैऋत्येचा. ताशी पंधराएक मैल.
आणि उद्या सोमवार.