झाकण

डुलुथ नगरपालिकेचं पत्र आलं:
गटाराच्या बारा झाकणांसाठी नक्षी हवी,
कलाकार गावातलाच.
अटी : पाय घसरू नये, टाच अडकू नये,
सही नखाएवढी.

आइला कोस्किनेननं हेरिंग काढले,
खवले खरखरीत, बूट धरून ठेवतील असे.
मानधनाचा पहिला हप्ता दाढेत गेला.

उद्घाटन झालं नाही.
झाकणाचं काय उद्घाटन करायचं?

मग जानेवारी.
चौकातला पुतळासुद्धा कमरेपर्यंत बर्फात.
पहाटे कुत्र्याला फिरवताना
तिला दिसलं,
खालच्या सांडपाण्याच्या उबेनं
तेवढंच एक वर्तुळ उघडं पडलंय,
आणि वाफेत
सात मासे, ओले, काळे,
सरोवराकडे तोंड करून.

कुत्रा हुंगत बसला.
तिचाही पाय निघेना.