शनिवारच्या गोष्टी

योखबेद आवासकर. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात
हे नाव कुणाच्या जिभेवर धड बसलं नाही.
योकाबाईच म्हणायचे सगळे. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स,
रात्रपाळी, बाळंतिणींचा वॉर्ड.
कळा थांबल्या की बाया बोलतात, ती सांगायची,
आणि तापाच्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर
उतरवून घ्यायची भोपळ्यातली मुलगी,
विहिरीत ढकललेली राणी, मीठ मागणारं भूत.

मी नऊ वर्षांचा. माझं काम टेपरेकॉर्डर उचलायचं.
सहा सेलचं ते धूड. कळव्याच्या मिठागरात,
बाळकूमला, येऊरच्या पाड्यांवर.
मजुरी चार आणे आणि एक खारी.

माझ्या आईनं तिला अंगठीची गोष्ट दिली.
आईच्या गोष्टीत अंगठी गिळते मुशी.
योकाबाई म्हणाली, माझ्या आत्याकडे रावस गिळतो.
मुशीला खवलं नाहीत गं, आमच्या ताटात चालत नाही,
गोष्टीत कशी चालेल?
आई इतकी हसली की टेपवर पुढचं काही ऐकूच येत नाही.
मग म्हणाली, तू आमच्या नेतेस सगळ्या,
तुझी स्वतःची एक दे की.
योकाबाईनं सेल बदलले. उधार राहिली, म्हणाली.

शनिवारी ती पेन उघडत नसे, बटण दाबत नसे.
ऐकायची मात्र. ऐकणं हे काम नव्हे,
असं तिचं तिनंच ठरवलेलं.
त्यामुळे शनिवारच्या गोष्टी माझ्याकडे असायच्या.
तिनं कधी सांगितलं नाही, ठेव म्हणून.
मी आपला टेंभी नाक्याशी तिच्या ओट्यावर बसायचो
गोष्ट तोंडात धरून. पाणीसुद्धा प्यायचो नाही,
शब्द पोटात जातील म्हणून.
पहिला तारा समोरच्या कौलांवर,
दुसरा मासुंदा तलावाच्या अंगाला,
तिसऱ्याला कायम उशीर.
मग आत खुर्ची सरकायची.
हं, सांग.

तिची माणसं एकेक करून गेली. लोद, दिमोना, बीरशेबा.
चौकटींवर मेजुझाच्या जागी खिळ्यांची दोन भोकं राहिली.
तिकडून निळी पत्रं यायची, राहून गेलेल्या गोष्टींची,
आणि शेवटी एक ओळ:
इथं ओलं खोबरं मिळत नाही.
तू कधी येतेस, असं प्रत्येक पत्रात असायचं.
ती पत्रावर फक्त नंबर टाकायची. कार्ड क्रमांक ८१२. ८१३.

ती आजारी पडली ते तिच्याच वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर.
मी तोवर पोस्टात लागलेलो. शनिवार होता.
तुझ्या आईची उधारी, म्हणाली, आणि सुरू झाली.

एका तेल्याचा बैल. घाण्याभोवती सहा दिवस फिरायचा.
डोळ्यांवर झापड, म्हणून त्याला वाटायचं
आपण सरळ चाललोय, यरुशलेमला.
दर शुक्रवारी दिवेलागणीला जू उतरलं की विचारायचा,
मालक, किती आलो?
मालक म्हणायचा, अर्ध्यावर.
दर शुक्रवारी अर्ध्यावर.
मग एका शनिवारी दावं सुटलं.

पुढचं तिनं बराच वेळ सांगितलं.
मधे नर्स आली, सुई टोचून गेली.
शेवट असा, की रविवारी पहाटे बैल गोठ्यात उभा,
आणि खुरांना ओली वाळू.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो.
आभाळ भरलेलं. एकही तारा नाही.
पाणी प्यायलो नाही. थांबलो.
रात्री केव्हातरी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
ती नव्हती. वॉर्डबॉय होता, चादर घेऊन.

आता बाराशे चाळीस कार्डं माझ्याकडे आहेत,
कोलशेतला, सातव्या मजल्यावर, चपलांच्या खोक्यांत.
शेवटच्या कार्डावर बैल लिहिलाय. वाळू लिहिलीय.
मधे पेन्सिलीनं: भाग गहाळ.
तो कुठं गेला होता, काय खाल्लं, कोण भेटलं,
तिनं सांगितलं होतं सगळं.

शनिवारी बाल्कनीत बसतो. हायवेच्या दिव्यांपुढे
इथून एखादाच तारा दिसतो.
सून विचारते, पाणी देऊ का?
मी मानेनंच नको म्हणतो.