आकसण

एक हजार चारशे बारा फायली.
एकेक करून चढवायच्या तर रात्र जाते,
आणि खालच्या गाळ्यात पोवारांचं लेथ सुरू झालं
की माझा राउटर डोळे मिटतो,
उघडतो तेव्हा कुठवर आलो होतो ते विसरलेला असतो.
उद्यमनगरात वीज कुणा एकाची नसते.

म्हणून सोमवार धरला. सुट्टी. शटरं खाली,
गल्लीत कटिंग ऑइलचा शिळा वास,
आणि माझ्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, बाबालाल मेस्त्री,
खिशात घडीची पितळी पट्टी.

सगळं फोल्डर निवडलं, उजवं बटण, कॉम्प्रेस.
फोटो फारसे दबत नाहीत, ते आधीच दबलेले.
मजकूर मात्र उशीसारखा बसला.

"दाबलंस म्हंजे?"
म्हटलं, झिप. सगळं एका गाठोड्यात बांधायचं,
गाठोडं वर न्यायचं, तिथं सोडायचं.
"आणि सोडल्यावर मापात राहतंय?"
राहतं.
"सूट किती धरलीस?"
सूट नाही, मेस्त्री. अक्षरही इकडचं तिकडं होत नाही.

ते हसले नाहीत.
चाळीस वर्षं सूट धरलेला माणूस.
लोखंड निवताना आकसतं
म्हणून त्यांच्या पट्टीवरचा फूट
आपल्या फुटापेक्षा चिमूटभर मोठा.
ती पट्टी त्यांनी कधी
कुणाला भिंत मोजायला दिली नाही.

पुराच्या साली शाहूपुरीतल्या गोदामात
पाणी चार दिवस बसून होतं.
साग वाहून गेला असता तर बरं.
तो राहिला.
पंपाचं कव्हर, चरकाचं दातेरी चाक, मोटेच्या जमान्यातला एक कप्पा,
सगळे उन्हात ओळीने वाळवले,
आणि पट्टी लावली तर अर्धं सूत फुगलेले.
अर्धं सूत म्हणजे सरपण.

फोटो तेवढे आधीचे.
नातीने, यास्मिनने, शाळेच्या वहीसाठी काढलेले,
प्रत्येक पॅटर्नच्या शेजारी
आजोबांची पट्टी आडवी ठेवून.

पडद्यावरची हिरवी पट्टी सत्त्याण्णवला अडकली.
"तुझीबी पट्टी अडकतिया," ते म्हणाले.
मग शंभर. मग एक्स्ट्रॅक्ट.
पान कोरं.
फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं फोल्डर,
साइट त्याच्या पोटात.
"पेटीत पेटी ठेवलीस की गं," मेस्त्री पहिल्यांदाच खूश.

बाहेर काढलं. अक्षरं आली, फोटो नाहीत.
माझ्या कॉम्प्युटरला कॅपिटल काय, स्मॉल काय, दोन्ही सारखी.
तिथला लिनक्स कडक:
नावात एक अक्षर मोठं, की ओळखच देत नाही.
हे त्यांना समजावावं लागलं नाही.
"बरोबर हाय त्याचं," म्हणाले.

साडेतीनशे नावं बदलली. पुन्हा गाठोडं, पुन्हा वर.
मध्ये दोन चहा, एक नमाज.
आणि मग आलं, रांगेने,
कव्हर, चाक, कप्पा,
कोरडे.
मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, घातला,
पट्टी काढून पडद्यावरच्या पट्टीला लावू गेले,
आणि लावली नाही.

सर्व्हरवरचं झिप मी पुसायला घेतलं.
"थांब थांब. ओतकाम झालं म्हणून
पॅटर्न कोण जाळतंय?"
म्हटलं, इथं उघड्यावर ठेवत नाहीत, कुणीही उचलून नेईल.
पेनड्राइव्हवर घेतलं, मग पुसलं.

त्यांनी तो रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला.
"फळीवर ठिवतो," जिन्यावरून म्हणाले,
"पाण्याच्या खुणंच्या वर, दोन फूट."

कुठल्या पट्टीचे,
मी विचारलं नाही.