दोन हात

अंगणाच्या कडेला एप्रिलचा काळवंडलेला बर्फ अजून पडून आहे
आणि ओरेस्ट शिडीवर चढून
आमच्या कॅम्परच्या पाठीला भोक पाडतोय.
ड्रिल आधी पत्र्यातून किंचाळतं,
मग आतल्या थर्माकोलमध्ये शिरून एकदम गप्प.
"लागली," तो म्हणतो. म्हणजे दिव्याची वायर.
खाली मी, हातात टॉर्च, दातांत चिकटपट्टी.

बावीस फूट लांब हे आमचं पांढरं घर.
गाडीला जोडलं की आरशांत त्याच्याच दोन भिंती,
मधलं जग नाहीसं.
त्या नाहीशा जगात सव्वीस वर्षं
ओरेस्ट उभा राहिला.

मी डॉफिनच्या शाळेची बस चालवायचे,
म्हणून चाक माझ्याकडे.
तो धान्याच्या कोठारावर, गव्हाचे ट्रक
नुसत्या बोटांनी खड्ड्यावर आणून टेकवायचा,
म्हणून पाठ त्याच्याकडे.
लग्नात असं काही ठरलं नव्हतं.

ये, ये, डावीकडे. अगं डावीकडे!
तुझी डावी की माझी डावी,
या एका प्रश्नावर आम्ही
क्लिअर लेकच्या काठी झाडाझाडाखाली भांडलो.
शेजारचे खुर्च्या वळवून बसत, बिअर उघडत.
फुकटचा तमाशा.
शेवटी तो दोन्ही तळवे समोरासमोर धरी, एवढं उरलंय:
दोन हात. एक हात. वीत. चार बोटं.
मग मूठ.
मूठ म्हणजे थांब.

गेल्या ऑगस्टमध्ये हात वर गेला
आणि तिथेच राहिला.
आरशाच्या कडेला मला तो कोपरापर्यंत दिसत होता,
ना ये, ना थांब.
दारावर थाप मारायला कुणी हात उचलावा
आणि घर कुणाचं तेच विसरावं, तसा.
मी ब्रेक दाबला. उतरले.
चाकाखाली त्याची टोपी.
तो तिच्याकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची असावी तसा.
"ऊन लागलं तुला," मी म्हणाले.
"हो, ऊन," तो म्हणाला.
आभाळ भरून आलं होतं.

कॅमेऱ्याचं मी त्याला सांगितलं ते एवढंच,
की माझी मान आता वळत नाही.
खोटं नाही ते.
त्याने खोका उघडला, तळहातावर घेऊन बघितला.
"माझ्या जागेवर हा? सुपारीएवढा?"
आणि ड्रिल शोधायला गेला.

वायर त्याने छतातून, कपाटामागून, पार पुढच्या जोडापर्यंत
पायजम्यात नाडी ओवावी तशी ओवली,
हँगरची तार वाकवून.
भोकाभोवती सिलिकॉन, वरून अंगठा गोल फिरवत.
त्या अंगठ्याच्या लक्षात सगळं आहे.

मग मी गाडीत बसले. रिव्हर्स टाकला.
पडदा उजळला:
आभाळ खाली, बर्फ वर.
कॅमेरा उलटा बसला होता.
आणि मधोमध ओरेस्ट,
बुटांनी अंगणाला चिकटून खाली लोंबणारा,
टोपीखाली अख्ख्या मॅनिटोबाचं आभाळ.

मी मागे येते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो
ते मला कधी दिसलंच नव्हतं.
जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मग ओठ हलू लागले.
मोजत असणार. आकडे तो अजून
आईच्या युक्रेनियनमध्येच मोजतो.

चित्र सरळ करायचं बटण आहे.
कागदाच्या तिसऱ्या पानावर. मी वाचलंय.

काच खाली केली.
"दिसतोय का मी?"
"दिसतोयस."
"मग ये. डावीकडे घे थोडी."
"कुणाच्या?"

पडद्यावर त्याने तळवे समोरासमोर धरले.
उलटे,
पण अंतर तेवढंच.
मी ब्रेकवरचा पाय हळूच उचलला.