उलटी बाजू

निरोपाच्या दिवशी कारखान्याने अण्णांना
टॉवेल-टोपी दिली नाही.
टॉवेल त्यांनीच विणलेला निघाला असता.
गुच्छ दिला. चुरचुरत्या कागदात अकरा गुलाब.
माइकवर नाव आलं : राजेश बोद्दूल.
'राजेशम', मागून कुणी म्हणालं,
तोवर टाळ्या संपल्या होत्या.

एकतीस वर्षं गुलाब म्हणजे
पुठ्ठ्यातली भोकं.
कुठला धागा उचलायचा, कुठला दाबायचा.
पाळी सुरू झाल्यापासून भोंगा होईपर्यंत एकच फूल,
आणि त्याला वास खळीचा.

सायकलच्या हँडलला गुच्छ उलटा टांगून
ते अशोक चौकातून आले.
पानवाल्याने विचारलं, "कोण गेलं?"

त्याचंही बरोबर.
आमच्या गल्लीत फूल जातं देवाला,
नवरीला, नाहीतर तिरडीला.
नुसत्याच माणसाला
कोण कशाला देईल?

आई विड्या वळत होती.
तिच्या सुपाशेजारी त्यांनी गुच्छ ठेवला,
जणू किराणा.
"किती हात?" ती म्हणाली.
तिला फूल म्हणजे गजरा,
कोपरापासून बोटांपर्यंत मोजलेला.

अण्णांनी त्यातला एक काढला,
ट्यूबखाली धरला
आणि सवयीने उलटा करून पाहिला.
चादरीत मागे रंग अदलाबदल होतात :
लाल जमीन, पांढरं फूल.
इथे नुसता देठ. हिरवा, ओला,
एका काट्यासकट.

"ह्याला उलटी बाजूच नाही,"
ते म्हणाले, आणि तिच्यापुढे धरला.

तंबाखूच्या बोटांनीच तिने तो घेतला.
केसांत खोचायच्या आधी
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"दार लाव."