उजवा बॅक

गोदीच्या संघात अकरा मोसम उजवा बॅक,
गोल एकही नाही.
भालचंद्र किर. दिवसभर तागाचे गठ्ठे तोलायचा,
सुटी झाली की कूपरेजवर, अनवाणी,
दोन्ही अंगठ्यांना चिंधी.

मी मिलचा सेंटर फॉरवर्ड. मला बूट होते.

तो फारसा धावायचा नाही.
मी जिथे पोचणार तिथे आधीच उभा,
उधारीवाल्याच्या दारात वाणी उभा असावा तसा,
निवांत, सुपारी चघळत.
माझ्या डाव्या नडगीवर एक खळगा आहे,
थंडीत ठणकतो.
घरात सगळे त्याला किरच म्हणतात.

मग फतवा निघाला, बुटांशिवाय मैदान नाही.
त्याने चोरबाजारातून जोड आणला, एक नंबर मोठा,
पुढे ताग कोंबला.
तो मोसम तो पाहुण्याच्या घरात चालल्यासारखा चालला.
त्याच मोसमात सेमीफायनल, शेवटचा कॉर्नर,
आम्ही दोघे हवेत,
आणि चेंडू त्याच्या डोक्याला लागून त्याच्याच जाळ्यात.

दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं.
अकरा वर्षांत एकदाच:
‘किर, स्वतःच्या गोलात.’
तेही ‘कीर’ छापलेलं.
त्यानंतर तो खेळला नाही.

तेराव्याला वडाळ्याच्या क्वार्टरात गेलो.
इंदुमतीवहिनींनी ट्रंकेतून तोलाची जुनी वही काढली,
आत खळीने चिकटवलेली कात्रणं,
झुरळांनी कडा खाल्लेली.
गोदी १, कस्टम्स ०.
गोदी ०, टेलिफोन ०.
गोदी २, पोलीस ०.
प्रत्येक शून्याखाली पेन्सिलीची रेघ.
“गोल मारणाऱ्यांची नावं छापतात,” त्या म्हणाल्या,
“यांचं आपलं हे.”
आणि बोट शून्यावर.

शेवटच्या पानावर तो सामना.
चहावर साय धरली होती.
मी म्हटलं, वहिनी, त्या दिवशी माझं कोपर
मी मुद्दाम
रेफरी झेंड्याकडे बघत होता
बत्तीस वर्षं झाली

“चार दिवस बरगडी शेकली मी,” त्या म्हणाल्या,
“कोपर कुणाचं, ते मला विचारावं लागलं नाही.
चहा घ्या.”

वही माझ्याकडे सरकवली.
मिल १, गोदी ०.
आमच्या त्या १ ची शेपटी
ब्लेडने खरवडून काढलेली,
वरचं वेटोळं पेन्सिलीने मिटवलेलं,
खाली रेघ.